झिऱ्याच्या वाटेचं तोंड

॥ श्री ॥

वनरक्षक निवास, अड्याळजवळ
दि. २२ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
करुणाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. लाखांदूरला आई-बाबा मजेत आहेत. बाबांच्या दुकानाला नवीन शटर बसलं आणि ते वर करायला रोज शेजाऱ्याला हाक मारावी लागते, एवढीच तिकडची बातमी. तुमच्या कानांना फोन चालत नाही आणि माझ्या क्वार्टरमध्ये फोनला रेंज चालत नाही. तेव्हा आपलं दोघांचं जमेल ते पोस्टमनच्या भरवशावरच.

आता कामाचं. मागच्या रविवारी नागपूरचं एक कुटुंब दोन गाड्या घेऊन सहलीला आलं. त्यांनी फोनच्या नकाशात ‘आवळी झिरा’ हे टेकडीवरचं झऱ्याचं ठिकाण शोधलं आणि नकाशात बोलणाऱ्या बाईनं त्यांना वळणावळणानं धरणाच्या पाण्यापर्यंत नेलं. आपण पोहोचलो असं तिनं जाहीर केलं तेव्हा पुढच्या गाडीची चाकं चिखलात होती. मी आणि आमचा वनमजूर चिंधू, दोघांनी मिळून गाडी ढकलली. मग त्यातल्या आजोबांनी मला विचारलं, बाई, झिऱ्याची वाट सुरू तरी कुठून होते? मी या बीटाची वनरक्षक, आणि मला सांगता येईना. मामा, खरंच लाज वाटली.

घोळ असा आहे. लोकांना फिरायला जाण्याजोग्या जागांच्या जुन्या यादीत आपल्या झिऱ्याचं नाव आहे, आणि वाटेची सुरुवात लिहिली आहे तुमच्या जुन्या गावचं मारुतीचं देऊळ. ते देऊळ तर तेरा वर्षांपासून पाण्याखाली. यादी कोणी बदललीच नाही. आता साहेबांनी नवीन यादी करायला सांगितली आहे : वाटेचं तोंड कुठं, गाडी कुठं लावायची, सावली-पाणी आहे का, अंतर किती. नोव्हेंबरअखेरपर्यंत जमिनीवरचं तोंड सापडलं नाही तर झिऱ्याचं नाव यादीतून जाईल. मग तो सगळा भाग रोपवनासाठी चर खोदून बंद होणार. एकदा बंद झाला की काही वर्षं तिथं कोणालाच जाता येणार नाही.

लहानपणी मामीनं मला एकदा तिथं आवळी भोजनाला नेलं होतं. मला आठवतं ते इतकंच की मी झिऱ्यात पडले आणि मामीनं मला वाचवायच्या आधी झोडपलं. अड्याळच्या बाजूनं टेकडी चढायची तर कुठून चढायची, हे तुम्ही सांगाल का? मामीचे गुडघे कसे आहेत तेही लिहा.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर राहू द्या.

आपली भाची,
करुणा

॥ श्री ॥

नवीन गावठाण, गोसीखुर्द रस्ता
दि. २९ सप्टेंबर २०२४

चि. करुणा हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या नातीनं, रक्षानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आठवीतली पोरगी, पण माझ्या कानात ओरडून ओरडून तिचा आवाज आता कीर्तनकारासारखा झाला आहे. त्यामुळे तुझ्या सरकारी कामाची बातमी अर्ध्या गावठाणाला कळली, याची नोंद घ्यावी.

एक काळ असा होता की जंगलाचा शिपाई येताना दिसला की आम्ही कुऱ्हाडी तणसाच्या ढिगात खुपसायचो. आता तोच शिपाई घरचाच निघाला आणि आम्हाला वाट विचारतो आहे. काळ बदलतो म्हणतात तो असा. तुला खाकी कपड्यात पाहिल्यापासून मी तुझ्यापुढं विडी पेटवायला घाबरतो.

धान निसवला आहे, पीक बरं दिसतं. तुझ्या मामीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन १० डिसेंबरला नागपूरला ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं की नंतर जमिनीवर मांडी घालून बसणं बंद, आणि डोंगर चढायचं नावही काढायचं नाही. हे ती गुमान ऐकत होती. पण तुझं पत्र आल्यापासून बाई जाग्यावर नाही. ऑपरेशनच्या आधी, याच कार्तिकात, एकदा झिऱ्यावर आवळीखाली पंगत बसली पाहिजे असं म्हणते. जुन्या गावच्या बाया चार ठिकाणच्या वसाहतींत पांगल्या, तेव्हापासून त्या एका पंगतीला कधी बसल्याच नाहीत. मले आणखी काही नको, एकदा तेवढं होऊ द्या, असं मला दिवसातून चारदा सांगते. ऐकू येत नाही असं दाखवून मी तीनदा सुटतो.

आता वाट. पहिला नाला लागला की उजव्या हातानं वर चढ. दोन मोह जोडीनं उभे दिसतील तिथं डावीकडे. मग हत्तीच्या पाठीसारखा खडक लागेल, त्याच्या उजवीकडून गेलीस की आवळीची झाडं दिसतीलच. तिकडच्या गावांत कोणाला विचारत बसू नकोस, आताच्या लोकांना काही ठाऊक नसतं.

जंगलात एकटी फिरू नकोस. तुझी मामी तुला खूप खूप मुके पाठवते, ते पाकिटात मावले तेवढे घे.

सदा तुझं भलं पाहणारा,
मारोतराव

॥ श्री ॥

अड्याळजवळ
दि. ९ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या वाटेनं दोनदा जाऊन आले. झिरा काही सापडला नाही. सापडलं ते असं : मुरमाची एक जुनी खदान, बोराटीचं काटवन, आणि अस्वलाची ताजी विष्ठा. ती पाहून चिंधू खाली बसला आणि दोन वर्षांनी आपलं पेन्शन आहे, ते घ्यायला माणूस जिवंत लागतो, असं त्यानं मला समजावून सांगितलं. आम्ही बाहेर पडलो ते तीन किलोमीटर दूर, कोणाच्या तरी तुरीत. त्या शेतकऱ्यानं पाणी पाजलं आणि हसू आवरून धरलं, हे त्याचे उपकार.

मी काही आंधळेपणानं गेले नव्हते. तुम्ही जुन्या गावाकडून चढायचात, मी उलट्या बाजूनं चढणार. म्हणजे तुमचं उजवं ते माझं डावं, हे ओळखून मी सगळं बरोबर उलटं करून घेतलं होतं. तरीही चुकलो.

साहेबांनी परवा पुन्हा विचारलं. माणूस वाईट नाही. पण त्यांनी रोपवनाच्या चरांची आखणी टेबलावर पसरून ठेवली होती आणि तिची सुरुवात आपल्याच टेकडीपासून आहे. मामीला एवढ्यात काही सांगू नका. तिनं आस लावली आहे आणि मी तिला काट्यांशिवाय काही देऊ शकत नाही, हे मला फार लागतं.

आठवून पुन्हा एकदा नीट लिहाल का? तुमच्याशिवाय मला कोणाचा आधार नाही.

मायेत उणं पडू देऊ नका.

करुणा

॥ श्री ॥

नवीन गावठाण
दि. १६ ऑक्टोबर २०२४

चि. करुणा हीस,
अ. उ. आ.

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे, वाळलं असेल तर पोस्टाचा दोष.

बाई गं, तू उलटं केलंस? अगं, मी आधीच तुझ्यासाठी उलटं करून लिहिलं होतं! पोरगी पलीकडून चढणार, तिचा गोंधळ नको, म्हणून मी अंगणात टेकडीकडे पाठ करून उभा राहिलो, दोन्ही हात पसरले, आणि एकेक वळण फिरवून लिहिलं. शेजारी पाहत होते. तू हुशार, मी तुझ्याहून हुशार, आणि दोन हुशारांनी मिळून त्या गरीब चिंधूला काट्यात घातलं. तुझं पत्र रक्षानं वाचलं तेव्हा मामीला कळायचं ते कळलंच. ती इतकी हसली की गुडघे विसरून उभी राहिली.

पण मग हसू थांबवून तिनं मला धारेवर धरलं. तुमी त्या बाजूनं कधी उतरले होते का, असं तिनं विचारलं. खरं सांगायचं तर नाही. आम्ही माणसं झिऱ्यापर्यंत जायचो आणि आल्या पायी परत यायचो. पलीकडं उतरायचं काम आम्हाला कधी पडलंच नाही. मग ती म्हणाली की ज्या बाईनं दोन्ही बाजूंनी ती टेकडी तुडवली तिचं नाव काहून नाही सांगत पोरीले? मला सांगणं भाग आहे.

तिचं नाव कौशल्याबाई. आमच्या जुन्या गावची लेक, आमच्या शेजारच्याच घरची. तुझी मामी नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला नदीची वाट, विहिरीची वाट हिनंच दाखवली. पुढं ती लग्न होऊन टेकडीपलीकडे गेली, तुझ्या अड्याळच्या बाजूला. ती झिऱ्याची वाट म्हणजे तिची माहेरी यायची वाट. दर कार्तिकात ती तिकडून चढायची, आमच्या बाया इकडून चढायच्या, मधे आवळीखाली पंगत.

गाव उठायच्या आधीच्या शेवटच्या पंगतीत मात्र बिनसलं. घरं पाडायच्या नोटिसा आल्या होत्या, तुझी मामी भानावर नव्हती. कौशल्या समजूत घालायला गेली तर हिनं सगळ्यांदेखत तिला तोडलं, की तुझं सासर जाग्यावर आहे, तुले काय समजते आमचं. ती उठून गेली. त्या बाईचं माहेर बुडत होतं हे तेव्हा हिच्या ध्यानात आलं नाही. नंतर आलं, रोज आलं. पण तेरा वर्षांत दोघींची गाठ नाही.

नवऱ्याचं नाव हिरालाल. घर गावच्या शाळेजवळ, एवढंच मामीला आठवतं. चौकशी कर. कौशल्याबाईनं तुला दारातून परत पाठवलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस, असं मामीनं सांगितलं आहे.

तुझा,
मामा

॥ श्री ॥

अड्याळजवळ
दि. २७ ऑक्टोबर २०२४

ती. मामीस,
करुणाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावानं. मामांनी ऐकू येत नाही असं सोंग केलं तरी चालेल, रक्षानं तुझ्याजवळ बसून वाचावं.

मामी, वाट सापडली! झिरा सापडला! आवळीची तिन्ही झाडं उभी आहेत आणि अशी लगडली आहेत की फांद्या हाताला येतात.

कौशल्याबाईंचं घर तिसऱ्या गावात मिळालं. अंगणात बसून त्या तांदूळ पाखडत होत्या. मी खाकीत असल्यामुळे आधी त्यांना वाटलं की गुरं जंगलात गेली म्हणून दंड करायला आले. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग एकच विचारलं, जनाबाईचे पाय कसे आहेत. मी ऑपरेशनचं सांगितलं, तुझ्या मनातलंही सांगितलं. त्यांची सून खुशबू हिनं चहा दिला, आणि निघताना त्या म्हणाल्या की सकाळी सातला येजो.

सकाळी विळा घेऊन तयार होत्या. गोठ्याच्या मागून बांधानं गेलो, बांध संपतो तिथं एक मोठा मोह आहे. त्याच्या मागे काट्यांचं कुंपण. मी त्या मोहाजवळून मोटरसायकलनं निदान चार वेळा गेले असेन आणि दर वेळी ते कोणाच्या शेताचं कुंपण समजले. बाईंनी दोन बोटांनी काटे बाजूला सारले आणि मागे वाट निघाली! गुरं शिरू नयेत म्हणून त्यांनीच ते लावून ठेवलेलं. माझ्या यादीतलं वाटेचं तोंड ते हेच.

नवल पुढंच आहे. ज्या वाटेनं कोणी जात नाही ती बुजलेली असते, हे मला नोकरीनं शिकवलं. ही वाट मात्र स्वच्छ. दोन्हीकडच्या फांद्या छाटलेल्या. तीन ठिकाणी माझं डोकं फांदीवर आपटलं तेव्हा कळलं की छाटणी बरोबर कौशल्याबाईंच्या उंचीएवढी आहे. वर आवळीखाली तीन दगडांची चूल, तिच्यात जुनी राख. मी विचारलं की इथं येतं कोण, तर येते कोणीतरी, एवढंच म्हणून त्या झिऱ्यातला पाला काढायला लागल्या.

अंतर एक किलोमीटर आठशे मीटर. त्यातला बराच भाग जाळरेषेच्या बाजूनं जातो, म्हणजे वणवा अडवायला आम्ही जो पट्टा साफ ठेवतो त्याच्या बाजूनं. तिथून बैलगाडी नेता येईल, साहेबांची परवानगी मी काढते. शेवटची चढण तेवढी पायानं. दिवस ठरव, मामी. बायांना निरोप जाऊ दे. मी या वाटेवर दुसऱ्या कोणाच्या आधी तुला नेणार आहे.

तुझी झिऱ्यात पडलेली,
करुणा

॥ श्री ॥

नवीन गावठाण
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. करुणा हीस,
मामाचे आशीर्वाद. दिवाळी तुझ्याविना झाली, अनारसे तुझा भूपेंद्रदादा आणून देईल.

तुझं पत्र मामीनं रक्षाकडून पाच वेळा वाचून घेतलं. पहिल्यांदा रडली, मग देवापुढं साखर ठेवली, मग पुन्हा रडली. मग डोळे पुसून यादी करायला बसली. पानग्यांचं पीठ, लाखोळीच्या डाळीचे वडे, वांगी घरची, पत्रावळी पळसाच्या, प्लास्टिक एक नको. चारही वसाहतींत निरोप गेले. सध्या धानाची कापणी जोरात, त्यात निवडणूक, म्हणून २४ तारखेचा रविवार ठरला. भूपेंद्र टेम्पोनं बायांना सोडेल. त्याच्या टेम्पोत खत भरायचं होतं, पण त्याला कोणी विचारलंच नाही.

तुझे उपकार कसे मानू? भाचीचे उपकार मानायचे नसतात म्हणतात, पण मी मानतो. या घरात इतका आनंद नवीन गावठाणात आल्यापासून मी पाहिलेला नाही.

मामीला एकच धास्ती आहे. कौशल्या आपल्या बाजूला पत्रावळ मांडू देईल का, असं रात्रंदिवस म्हणते. देईल, मी म्हटलं. माझं मात्र यायचं जमणार नाही. मळणी आहे, आणि बायांच्या पंगतीत माझं काय काम. कौशल्याबाईंना माझा नमस्कार सांग. नुसता नमस्कार सांग, जास्त काही बोलू नकोस.

मामीला सांभाळून ने.

तुझा,
मामा

॥ श्री ॥

अड्याळजवळ
दि. २५ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं : मामी सुखरूप आहे, पण ती परत आलेली नाही हे तुम्हाला भूपेंद्रदादानं सांगितलंच असेल. ती कौशल्याबाईंच्या घरी राहिली आहे. किती दिवस, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. धान आणि तुम्ही, दोघांनी एकमेकांना सांभाळावं असा निरोप आहे.

काल एकतीस बाया आल्या. कोणी काठी टेकत, कोणी नातीचा हात धरून. मोहाजवळचे काटे बाजूला झाले आणि त्या एकामागे एक आत शिरल्या. जुन्या गावच्या लोकांना त्यांच्या टेकडीवर जायची वाट मी दाखवत होते, यापेक्षा माझ्या नोकरीत आणखी काय व्हायचं राहिलं? मामी बैलगाडीत पुढं बसली होती आणि बैल चिंधूनं हाकावेत की आपण, यावर त्याच्याशी भांडत होती.

चढणीच्या पायथ्याशी गाडी थांबली. दोन बायांनी हातांची खुर्ची करून तिला उचलायची तयारी केली तर ती ऐकेना. मग मागून कौशल्याबाई आल्या, आपला खांदा मामीच्या बगलेखाली दिला आणि चढायला लागल्या. मधे सात-आठ वेळा थांबल्या. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. वर पोहोचल्यावर मामी आवळीला टेकून बसली आणि रडत रडत सगळ्यांसमोर म्हणाली की मी तुले सगळ्यांसमोर बोलली होती, आता सगळ्यांसमोर हात जोडते. कौशल्याबाईंनी तिचे हात धरले. राग आला होता, पण रागात माणूस किती दिवस राहील, असं काहीसं बोलल्या आणि पीठ मळायला बसल्या. पत्रावळ अर्थातच शेजारी मांडली.

मामा, पानगे भाजताना खुशबूनं मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाव उठलं त्या वर्षापासून कौशल्याबाई दर कार्तिकात, आवळीनवमीला, त्या वाटेनं वर जातात. आधी चार दिवस विळ्यानं वाट साफ करतात. दोघींपुरते पानगे करून नेतात. पाण्याच्या बाजूला तोंड करून बसतात. गुरं घरी यायच्या वेळी उतरतात. घरच्यांना तो नवस वाटायचा. तेरा कार्तिक, मामा! खुशबू म्हणते की पहिल्या वर्षी त्यांनी मामीच्या नावानं पोस्टकार्डही टाकलं होतं, की मी वर वाट पाहते, तू ये. ते पोस्टात कुठं गहाळ झालं कोण जाणे. मामीला हे ठाऊक नाही, मीही बोलले नाही.

आज सकाळी यादीचा फॉर्म भरला. वाटेचं तोंड : मोहाचं झाड, हिरालाल यांच्या बांधाशेजारी. गाड्या शाळेच्या पटांगणात. पाणी बारमाही. शेवटचा रकाना होता की वाटेची देखभाल कोणाकडे. तिथं मी कौशल्याबाईंचं नाव लिहिलं. साहेबांनी ही संस्था कोणती, नोंदणी कधीची, असं विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा पुसला आणि चरांची आखणी गुंडाळून कपाटात ठेवली. झिरा आता यादीत राहतो, मामा, आणि वाटही उघडी राहते.

तुम्ही कौशल्याबाईंचं नाव दिलं नसतं तर हे काहीच झालं नसतं. मी तुमची फार फार ऋणी आहे.

आपली लाडकी,
करुणा

॥ श्री ॥

नवीन गावठाण
दि. २९ नोव्हेंबर २०२४

सौ. कौशल्याबाई यांस,
मारोतरावचा हात जोडून नमस्कार.

हे पत्र खुशबूनं मोठ्यानं वाचावं, आणि जनाबाई शेजारी असताना वाचावं. मला दोघींना एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती दोनदा सांगायची छाती नाही.

तुमचं पोस्टकार्ड पोस्टात गहाळ झालं नव्हतं. ते पोहोचलं. २०११ च्या दिवाळीत या गावठाणात पोस्टमन आला तेव्हा आमच्या घराला दारही बसलं नव्हतं. कार्ड माझ्या हातात पडलं. नवमीला टेकडीवर येते, जनाबाईला कोणाच्या डोंग्यात बसवून पाण्यावरून पाठवा, असं त्यात होतं. मी ते वाचलं आणि मोबदल्याच्या कागदांच्या पिशवीत ठेवलं. जनाबाईला सांगितलं नाही.

तेव्हा ती जेवत नव्हती. झिऱ्यावरून खाली पाहिलं की देवळाचा कळस तेवढा पाण्यावर दिसायचा. ते पाहून ती वेडी होईल असं मला वाटलं. हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही. ज्यांची गावं जाग्यावर होती त्या सगळ्यांचाच मला राग होता, तुमचाही होता. पुढच्या वर्षी राग गेला, पण मग वर्षभर लपवलेलं कसं सांगायचं याची लाज वाटली. पुढं लाज दर वर्षी वाढत गेली. करुणानं वाट विचारली तेव्हाही मी तुमचं नाव टाळलं आणि पोरीला काट्यात पाठवलं.

तुम्ही एका कार्तिकात येऊन परत गेल्या असाल आणि विसरल्या असाल, असं मी मनाशी धरून होतो. तेरा वेळा गेलात हे मला सोमवारच्या पत्रातून कळलं. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. रक्षा विचारते, आजोबा काय झालं, तर मला ऐकू येत नाही.

कौशल्याबाई, तुम्ही माझ्या गावची लेक. मी गावचा भाऊ म्हणवतो, आणि तुमच्या माहेरची उरलीसुरली एक वाट मीच बंद करून ठेवली. ती तुम्ही विळ्यानं उघडी ठेवलीत. त्यामुळे माझी बायको चढून गेली, एकतीस बाया जेवल्या, पोरीची नोकरी उजळली. तुमच्या पायावर डोकं ठेवलं तरी हे फिटायचं नाही. कार्ड सोबत पाठवत नाही, स्वतः आणून देईन म्हणतो. यायची परवानगी असेल तर दोन शब्द कळवा. जनाबाईला दहा तारखेला नागपूरला न्यायचं आहे. तिला माझ्यासोबत जायचं नसेल तर भूपेंद्र येईल. मी समजून घेईन.

आपला अपराधी,
मारोतराव

॥ श्री ॥

मु. कौशल्याच्या घरून
सोमवार, दि. २ डिसेंबर २०२४

रक्षाच्या आजोबांले,
जनाबाईचा नमस्कार.

मी सांगून राहिली अन् खुशबू लिहून राहिली. पत्र तिचा नवरा प्रविण याच्या हातानं पाठवते, पोस्टाचा अन् तुमचा भरवसा नाही.

तुमचं पत्र आइकलं. पहिला दिवस मी तुमाले काय काय बोलाचं ते मनात जमा करत होती. ते सगळं मी घरी आली की बोलीन, तुमाले आइकू येवो का न येवो. तेरा वर्षं मी समजत होती का कौशल्यानं मले टाकलं. अन् कौशल्या समजत होती का मी तिले टाकलं. हे तुमी काहून केलं, हे मी जिती आहे तोपर्यंत विचारीन.

पण एक गोष्ट खरी आहे, ते मी लपवत नाही. त्या साली कार्ड माया हाती आलं असतं तर मी फाडून चुलीत टाकलं असतं. तेव्हा मी तशीच होती. तुमी ते जपून तरी ठेवलं.

इथं मले काही कमी नाही. रोज सकाळी कौशल्या माया गुडघ्याले तेल लावते. कालच्या दिवशी करुणा आली होती, मोहाजवळ बोर्ड लागला. चार मोटारी आल्या, कोणी विचारलं नाही का वाट कुठं आहे, सरळ गेले. कौशल्या ओट्यावर बसून त्यायले मोजत होती. मी तिले इतकी खूश कधी पाहिली नाही.

नागपूरले मी तुमच्याच संग जाईन. ते कार्ड घेऊन या. अन् जेवत जा, पोरीले घाबरवू नका. फक्त एवढ्यात येऊ नका. आमचं बोलणं अजून सरलं नाही. कौशल्या म्हणते, मी तेरा वर्षं थांबली, त्यायले म्हणा गुरुवारपर्यंत थांबा.

तुमची,
जनाबाई